छपराची काच उत्तरेला आहे का, ते आधी पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या मुरारजी पेठेत तुमच्या गल्लीच्या टोकाला काळ्या दगडाच्या भिंतींची, करवतीच्या दात्यांसारख्या छपराची एक इमारत वर्षानुवर्षं बंद पडून आहे. कुणी तिला जुन्या मिलचं गोदाम म्हणतं, कुणी जिनिंग (कापसातली सरकी काढायची) फॅक्टरी, आणि शेजारचे एक आजोबा ठामपणे सांगतात की तो इंग्रजांचा तुरुंग होता. तुमचे स्वतःचे आजोबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते, ते आता नाहीत. इमारत पडायच्या आत तिचा खरा इतिहास लिहायचा आहे, तर सुरुवात कुठून करावी?

मी बांधकाम अभियंता. गेली 32 वर्षं सोलापुरात आणि आसपास जुन्या गिरण्या, जिनिंग, गोदामं, कामगारांच्या चाळी यांची मोजमापं आणि दुरुस्ती करतोय. माझी आजी रीळ खात्यात होती. त्यामुळे या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देणं मला जमणार नाही.

बहुतेक लोक पहिल्या दिवशी नगर भूमापन कार्यालयात जातात, मालमत्ता पत्रक काढतात, त्यावर चार नावं आणि दोन तारखा मिळतात आणि तिथंच थकतात. तुम्ही तसं करू नका. येत्या रविवारी सकाळी दोनच कामं करा. मोबाइलमधलं होकायंत्र उघडून इमारतीला एक प्रदक्षिणा घाला. आणि गल्लीतल्या, पलीकडच्या गल्लीतल्या 75 वर्षांपुढच्या माणसांची यादी करा. कागद कार्यालयात आहेत, ते पुढच्या महिन्यातही असतील. यादीतली माणसं पुढच्या महिन्यात असतीलच असं नाही.

आता होकायंत्र कशाला, ते सांगतो. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असतं तेव्हा प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती असते, तिच्यावर कौलं किंवा पत्रे. दुसरी बाजू जवळजवळ उभी, तिच्यात काच. ती काच नेमकी उत्तरेकडे असेल, तर तुमची इमारत गोदाम नव्हती हे मी इथं बसून सांगतो. गोदामात कापसाच्या गाठी ठेवायला कुणी एवढा खर्च करून काचेचं छप्पर बांधत नाही. उत्तरेचा उजेड लागतो तो साच्यावरच्या माणसाला. थेट ऊन नको, सावल्या नकोत, तुटलेला धागा दिवसभर सारखाच दिसला पाहिजे. म्हणून विणाईचं खातं या छपराखाली आणि तळमजल्यावरच असायचं. तळमजला दुसऱ्या कारणासाठीही हवा. शेकडो साचे एकदम चालले की धोटा (आडवं सूत इकडून तिकडं नेणारा) मारण्याचा जो हादरा बसतो, तो वरच्या मजल्याला सोसत नाही. सूतकताई मात्र दोन-तीन मजल्यांवर चालू शकते, कारण तिथली यंत्रं फिरती, आपटती नव्हेत. म्हणून गिरणीच्या आवारात उंच मजली इमारत दिसली की ती बहुधा कताईची, आणि बसकी, पसरलेली, दातेरी छपराची दिसली की विणाईची.

यात सोलापूरची एक खास गोष्ट आहे. ही रचना आली इंग्लंडमधून. तिथं भर दुपारी सूर्य कायम दक्षिणेलाच, उत्तरेच्या काचेतून दुपारचं ऊन कधी आत येणार नाही. सोलापूर साधारण 17.7 अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जवळजवळ जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे भर दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे ऐन कडक उन्हात, मे महिन्यात, उत्तरेच्या काचेतून तिरीप साच्यावर यायची. त्यावर उपाय म्हणून काचेला चुना किंवा निळा रंग मारत. मी ज्या दोन विणाई शेड आतून नीट पाहिल्या, त्या दोन्हींच्या फुटक्या काचांच्या कडेला पांढऱ्या-निळ्या रंगाचे थर सापडले. तुमच्या इमारतीखाली काचेचे तुकडे पडले असतील तर उचलून पाहा. हातमोजे घालून.

आत जायला मिळालं तर (मालकाची परवानगी घेऊन, एकट्यानं नाही, आणि छपरावर पाय अजिबात न ठेवता) फरशीकडे बघा. आपल्याकडे शहाबादी फरशी असते. तिच्यात ठरावीक अंतरावर चार-चार भोकांचे गट दिसले की ते साच्यांचे पाय. ओतीव लोखंडाच्या खांबांचं अंतर मोजा, दोन्ही दिशांना, सेंटिमीटरपर्यंत. खांबांची जाळी साचे किती रुंद आणि किती ओळींत बसवायचे त्यावर ठरायची. खांबाच्या वरच्या भागात एका बाजूला सपाट चेहरा आणि बोल्टांची भोकं दिसतील. तिथं फिरत्या दांड्याचे आधार बसवलेले असत. वाफेच्या इंजिनावरून जाड दोरखंडांनी ताकद त्या दांड्यावर यायची आणि दांड्यावरून पट्ट्यांनी एकेका साच्यावर. वीज आल्यावर दांडे निघाले, आधार निघाले, भोकं राहिली. म्हणजे खांबावर भोकं असतील तर इमारत वाफेच्या काळातली, किंवा निदान तो खांब तरी.

हे ‘निदान तो खांब तरी’ मी मुद्दाम लिहितोय. कारखान्याची इमारत देवळासारखी एकदा बांधून पूर्ण होत नाही. इमारत कधीची, हा प्रश्न अर्धवट आहे. कुठली भिंत कधीची, छप्पर कधीचं, खिडकी कधी बुजवली, असं तुकड्या-तुकड्यानं विचारावं लागतं. जुन्या मिलमधून काढलेले खांब, तुळया, दगड शहरभर विकले गेलेत. सोलापुरात अशी घरं आहेत ज्यांच्या माडीला गिरणीच्या तुळया लागल्यात आणि घरच्यांना माहीतही नाही.

तारखा ठरवायला काही खुणा फार कामाच्या आहेत. पोलादी तुळईवर अक्षरं उठवलेली असतात, गंज घासला की वाचता येतात. त्यावर इंग्लंडच्या कारखान्याचं नाव असू शकतं, उदाहरणार्थ डॉर्मन लाँग. पण टाटांचं नाव असेल, तर ती तुळई 1912 च्या आधीची असूच शकत नाही, कारण साकचीला (आजच्या जमशेदपूरला) पोलाद निघायला लागलं तेच त्या वर्षी. कौलांच्या पोटातला शिक्का वाचा. मंगळूरला बासेल मिशननं 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं दख्खनभर पोचली. पहिल्या महायुद्धानंतर तो धंदा दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि शिक्का बदलला. मात्र एका कौलावर विसंबू नका. कौलं फुटतात, बदलतात, दुसऱ्या छपरावरून येतात. निदान पंधरा-वीस कौलांचे शिक्के टिपून ठेवा आणि सगळ्यात जास्त कुठला दिसतो ते पाहा.

दगडाच्या सांध्यातलं मिश्रण नखानं खरवडून पाहा. चुना असेल तर पांढरट, जरा मऊ, कधी त्यात विटेचा लाल चुरा दिसतो. सिमेंट करडं आणि कडक. हिंदुस्थानात सिमेंटचं उत्पादन खऱ्या अर्थानं सुरू झालं ते 1914 मध्ये पोरबंदरला. चुन्याच्या भिंतीत मध्येच सिमेंटचा चौकोन दिसला तर ती बुजवलेली खिडकी किंवा दार, आणि ते बुजवणं अर्थातच नंतरचं. अशा बुजवलेल्या दारांचा नकाशा काढा. बंद दारांवरून माल आणि माणसं कुठून कुठं जात होती ते कळतं. माझ्या अनुभवात इमारतीचा निम्मा इतिहास या बुजवलेल्या दारांतच सापडतो.

पाळणाघर आणि कँटीनच्या खोल्या सापडल्या तर त्या बहुतेक 1948 च्या कारखाना कायद्यानंतरच्या. त्या कायद्यानं अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथं कँटीन आणि ठरावीक संख्येपेक्षा जास्त बायका असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं.

पण इथं मला माझी एक चूक सांगायची आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका लांबट खोलीचं मोजमाप घेताना भिंतीत कमरेच्या जरा वर, ओळीनं बसवलेल्या लोखंडी कड्या दिसल्या. मी नकाशावर लिहिलं, ‘गाठी ओढण्याच्या कप्प्या, गोदाम’. नकाशा पूर्ण केला, अहवालही दिला. दोन वर्षांनी त्याच भागातल्या एका म्हाताऱ्या बाईंना त्या खोलीचा फोटो दाखवला. त्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, होत्या, मराठीत तेलुगू मिसळून बोलायच्या. फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘इथं माझी पोरगी झोपायची.’ त्या कड्यांना लुगड्याच्या झोळ्या बांधलेल्या असत. आई खात्यात, लेकरू झोळीत, एक म्हातारी बाई सगळ्या झोळ्या हलवायला. कायद्याचं पाळणाघर यायच्या कितीतरी आधीची ती सोय. मी गोदाम लिहिलेल्या खोलीत लेकरं वाढली होती. त्या दिवसापासून मोजमाप आणि माणसं ही कामं मी वेगळी करत नाही. एक भिंत मोजली की एक माणूस गाठायचं.

म्हणून यादीतल्या लोकांकडे जा. ‘मिलचा इतिहास सांगा’ असं विचाराल तर ते वर्तमानपत्रात वाचलेलं सांगतील. संप, मालक, पुढारी. विचारायचं असं: भोंगा झाल्यावर कुठल्या गेटातून शिरत होता? मस्टर (हजेरीपट) कुठं होतं? डबा कुठं ठेवायचा? पाणी कुठं प्यायचा? तुमच्या खात्याला लागून कुठलं खातं होतं? तिथून कुठला वास यायचा? वास फार खरं सांगतो. कांजी खात्याजवळचा आंबूस, गरम वास कुणी विसरत नाही. आणि कांजी खातं हे ताण्याच्या (उभ्या सुताच्या) आणि साच्यांच्या मधे असणारच, कारण ताण्याच्या सुताला कांजी दिल्याशिवाय ते साच्यावर चढत नाही. एका माणसानं ‘आमच्या भिंतीपलीकडं कांजी’ असं सांगितलं की नकाशावरच्या दोन खोल्यांची नावं पक्की होतात.

तब्येतीबद्दल विचारायचं असेल तर शेवटी विचारा, आणि हलकेच. कापसाच्या धुळीनं पोखरलेली फुप्फुसं आणि साच्यांच्या आवाजानं गेलेले कान घेऊन ही माणसं बसलेली असतात. कानाजवळ जाऊन, सावकाश बोला. तुमच्या भागात तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं पुष्कळ, मुस्लिम विणकरांचीही आहेत. त्यांच्या घरातलं कुणी तरुण बरोबर घ्या. माणूस आपल्या भाषेत बोलायला लागला की यंत्रांची नावंसुद्धा बदलतात. ती सगळी लिहून घ्या, सुधारू नका.

आता गावाचा संदर्भ. मुरारजी पेठ हे नाव मोरारजी गोकुळदास यांच्यावरून पडलं, हे तुम्हाला माहीत असेलच. मुंबईचे भाटिया व्यापारी, तिथंही त्यांची गिरणी होती. रेल्वे सोलापुरात 1860 मध्ये आली. एकरूखचा तलाव, ज्याला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो, 1871 च्या सुमारास पुरा झाला. 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली, तीच आपली जुनी मिल. ही तारीख नीट पाहा. 1876 ते 78 हा दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ. गावोगावची शेतं ओस, माणसं कामाच्या शोधात बाहेर पडलेली, आणि त्याच वेळी स्टेशनाजवळ गिरणीचा भोंगा वाजू लागला. आसपासचा कापूस, माल न्यायला रेल्वे, हातमागावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेले हात, आणि उपाशी मजूर. मिल इथंच का, याचं उत्तर या चार गोष्टींत आहे. पुढं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम या मिल आल्या आणि आधीची मिल ‘जुनी’ झाली. तुमच्या इमारतीला लोक ‘जुन्या मिलची’ म्हणतात तेव्हा ते ‘जुन्या, कुठल्यातरी मिलची’ असं म्हणतायत की ‘जुनी मिल’ या नावाच्या मिलची, हे खोदून विचारा. या एका शब्दामुळं मी तीन इमारती चुकीच्या मालकाच्या नावावर लिहिलेल्या पाहिल्यात.

जिनिंगचं म्हणणं तपासणं सोपं आहे. सरकी काढण्याच्या कारखान्यात यंत्रांची लांब रांग आणि खाली सरकी पडायला जागा लागते, आणि गाठी दाबायच्या प्रेसला खोल खड्डा. जमिनीत आठ-दहा फूट खोल, दगडानं बांधलेला चौकोनी खड्डा सापडला तर जिनिंग-प्रेसिंगचं म्हणणं जिवंत ठेवा. नसेल तर सोडून द्या. उत्तरेची काच त्या कामाला लागत नाही.

तुरुंगाचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मला ते चूक वाटतं, पण त्याच्या मुळाशी काहीतरी खरं असणार. दोन शक्यता आहेत.

एक, मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. गिरण्या बंद पडल्या, कामगार रस्त्यावर आले. 8 मे रोजी गोळीबार झाला, पोलीस गावातून निघून गेले, काही दिवस गावाचा कारभार लोकांच्या हातात होता. 12 मे रोजी मार्शल लॉ लागला आणि तो 30 जूनपर्यंत राहिला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं. या गावात ती आठवण इतकी खोल आहे की प्रत्येक काळ्या दगडाच्या इमारतीला ती चिकटते. ‘इथं माणसं डांबली होती’ हे मी सोलापुरात निदान डझनभर इमारतींबद्दल ऐकलंय. तसं घडलेलं असेलही. पण लिहायचं असेल तर ज्यांच्या घरातला माणूस तिथं ठेवला गेला होता असं घर शोधा, किंवा त्या काळचा कागद शोधा. हुतात्म्यांचं नाव घेऊन आपण सैल लिहू नये, एवढं माझं मागणं आहे.

दुसरी शक्यता मला जास्त जवळची वाटते: सेटलमेंट. गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, पारधी, भाट, कंजारभाट अशा अनेक जमातींच्या लोकांना सोलापुरात काटेरी तारेच्या आत ठेवलं होतं. त्यांची हजेरी व्हायची, परवानगीशिवाय बाहेर पडता येत नसे, आणि त्यातले कितीतरी जण याच गिरण्यांत कामाला जात. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला. ज्या माणसानं लहानपणी आपल्या बापाला हजेरी देऊन मिलमध्ये जाताना आणि मिलमधून येऊन पुन्हा हजेरी देताना पाहिलं, त्याच्या लेखी मिल आणि तुरुंग यांच्यात भिंत नव्हतीच. शेजारच्या आजोबांना ‘तुरुंग नव्हता’ असं सांगायला जाऊ नका. ‘तुरुंग म्हणजे कसा होता, कोण आत होतं?’ असं विचारा. मला त्यांचं उत्तर ऐकायला आवडेल.

आता कागद. मालमत्ता पत्रकापेक्षा चौकशी नोंदवही मागा. नगर भूमापन झालं तेव्हा प्रत्येक जागेचा ताबा कुणाचा, कशाच्या आधारावर, याची जी चौकशी झाली ती तिच्यात असते. पत्रकावर फक्त निकाल असतो. जागा नगररचना योजनेत गेली असेल तर मूळ भूखंड आणि अंतिम भूखंड असे दोन क्रमांक मिळतील, दोन्ही टिपा. जुने लोक आणि जुने दस्त मूळ क्रमांकच वापरतात. दुय्यम निबंधकांकडे सूची क्रमांक 2 चा, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीचा, शोध घ्या. महापालिकेच्या जुन्या कर आकारणी नोंदवह्यांत इमारतीचा वापर लिहिलेला असतो, ‘गोदाम’, ‘कारखाना’, ‘रिकामी’, आणि तो वापर कुठल्या वर्षी बदलला तेही कळतं. नगरपालिका 1852 पासूनची आहे, महापालिका झाली 1964 मध्ये. कुठल्या काळची नोंदवही कुठल्या खोलीत आहे, हे तिथल्या जुन्या शिपायाला साहेबांपेक्षा जास्त माहीत असतं. त्यांच्याशी आदरानं बोला. काही दस्त मोडीत निघतील, मोडी वाचणारी माणसं सोलापुरात आहेत. इसवी सन काढायला शके दिसला तर 78 मिळवा, फसली दिसला तर 590. एखाद वर्षाचा फरक राहतो, तो तसाच नोंदवा. 1884 चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटिअर पाहा, पण त्यात जुन्या मिलपलीकडं फार अपेक्षा ठेवू नका, कारण बाकीच्या मिल तेव्हा नव्हत्याच.

एक कागद असा आहे जो फारसं कुणी पाहत नाही, आणि तो सगळ्यांना खुला आहे: सर्वोच्च न्यायालयाचे निकाल. जुनी मिल 27 ऑगस्ट 1949 रोजी बंद झाली. हजारो घरांच्या चुली एका दिवसात विझल्या. 9 जानेवारी 1950 रोजी केंद्र सरकारनं खास वटहुकूम काढून कंपनीचा कारभार हातात घेतला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा केला. सबंध देशाच्या कायद्यात एका गावातल्या एका मिलसाठी केलेला कायदा. घटना लागू होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं तेव्हा, डिसेंबर 1950 मध्ये, चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाच्या अर्जावर निकाल आला: एकाच कंपनीसाठी कायदा केला म्हणून समानतेचा हक्क मोडत नाही. पाचपैकी दोन न्यायमूर्तींचं मत उलटं होतं. तीन वर्षांनी, द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात, न्यायालयानं तोच कायदा घटनाबाह्य ठरवला. भरपाई न देता मालमत्ता घेतल्यासारखंच आहे, म्हणून. 1955 ची चौथी घटनादुरुस्ती झाली तिच्यामागं हा निकालही होता. कायद्याचे विद्यार्थी देशभर ‘सोलापूर मिल केस’ शिकतात, आणि मुरारजी पेठेतल्या पोरांना ते माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

तुमच्या कामाला याचा उपयोग असा. त्या निकालांत कंपनीची रचना, भागभांडवल, बंद पडण्याची कारणं, सरकारनं नेमलेले नियंत्रक हे सगळं तपशीलानं आलेलं आहे. तुमची इमारत त्या कंपनीची असेल, तर 1949-50 च्या आसपास तिच्या कागदांवर काहीतरी हललेलं दिसेल: ताबा, कर थकबाकी, वापर. काहीच हललेलं नसेल, कर दरवर्षी सुरळीत भरलेला असेल आणि वापर ‘कारखाना’च राहिला असेल, तर इमारत जुन्या मिलची असण्याची शक्यता कमी. मग खासगी विणाई कारखाना धरून शोध घ्या. असे लहान कारखाने पुष्कळ होते.

इमारतीचा शेवटचा थर विसरू नका. मोठ्या मिल एकेक करून बंद झाल्या तशा त्यांच्या शेड, गोदामं, चाळींचे व्हरांडे यंत्रमागांना भाड्यानं गेले. जी चादर आणि टॉवेल आज सोलापूरचं नाव भौगोलिक मानांकनासह मिरवतात, ते पूर्व भागातल्या यंत्रमागांवरचे. मिलमध्ये शिकलेले हातच तिकडं गेले. तुमच्या इमारतीत भिंतीवर जाड वायरींच्या नळ्या, फरशीत जुन्या भोकांशेजारी नवी, वेगळ्या अंतरावरची भोकं, खांबाला ऑफसेटच्या रंगीत देवाच्या फोटोचा खिळा दिसला, तर ते या काळातलं. लोक त्याला इतिहास मानत नाहीत, ‘ते तर परवाचं’ म्हणतात. ते आधी लिहून घ्या. त्या मागांवर बसलेली माणसं आज साठीची आहेत, त्यांना सगळं लख्ख आठवतंय. मी 1990 च्या दशकात हे ‘परवाचं’ लिहून ठेवलं नाही. एका बंद मिलच्या कार्यालयातले मस्टर रद्दीत जाताना मी डोळ्यांनी पाहिले, हातगाडीवर लादलेले. तेव्हा मला वाटलं मोजमाप महत्त्वाचं, मस्टर काय. त्या वह्यांत दहा-बारा हजार माणसांच्या सह्या आणि अंगठे होते. ती गाडी थांबवायला हवी होती.

छायाचित्रं घ्याल तेव्हा प्रत्येक भिंतीचा एक फोटो समोरून, पट्टी किंवा वीट शेजारी ठेवून घ्या. संध्याकाळचं तिरपं ऊन असताना घेतलात तर बुजवलेली दारं आपोआप उठून दिसतात. आत सिमेंटचे करडे पन्हाळी पत्रे फुटलेले असतील तर त्यांना हात लावू नका, झाडू नका. त्यात अॅसबेस्टॉस असतो. जमिनीवर लोखंडी झाकणं दिसली तर त्यांवर उभं राहू नका. खाली धुराचा बोगदा असू शकतो, बॉयलरपासून चिमणीपर्यंत गेलेला. तो बोगदा सापडला तर मात्र लगेच मला कळवा, कारण त्याची दिशा पाहून चिमणी कुठं उभी होती ते सांगता येतं, चिमणी आज नसली तरी.

आणि घरात आजोबांची पेटी असेल ती उघडा. त्यांचा पितळी बिल्ला किंवा फंडाची पावती नक्की शोधा. बिल्ल्यावर नंबर असतो, पुष्कळदा खात्याचं अक्षरही. मस्टर गेले तरी त्या खात्यातल्या दुसऱ्या कुणाचा जवळचा नंबर जिवंत असू शकतो. तो माणूस तुमच्या यादीतच असेल. त्याला नंबर सांगा आणि विचारा, हा नंबर कुठल्या ओळीत, कुठल्या खांबाजवळ. आजोबांचे साचे या इमारतीत होते की नाही, ते तोच सांगेल. खांबांचं अंतर मोजून झालं की आकृती पाठवा, बिल्ल्याचा फोटोही.